जकात, करार आणि कारागीर : उज्जैनच्या व्यापार-इतिहासातून मुक्त व्यापार करारांचा विचार

मुक्त व्यापार करार हा विषय सामान्यतः वाणिज्य आणि अर्थशास्त्र या शाखांचा समजला जातो. वर्तमानपत्रांतून त्याची चर्चा होते ती आकड्यांच्या भाषेत. आणि बाजूने बोलणारे व विरोधात बोलणारे दोघेही हा प्रश्न जणू १९९१ नंतरच जन्मला असे गृहीत धरतात. वस्तुतः दोन सत्तांनी एकमेकांच्या मालावरील जकात कमी करण्याचे करार आपल्या देशात कित्येक शतके होत आले आहेत. त्यांतून कोणाचा माल खपला, कोणाच्या हाताला काम मिळाले आणि कोणाचे गेले, याची उदाहरणे इतिहासात विखुरलेली आहेत. प्रस्तुत निबंधात उज्जैन या एका शहराच्या आधाराने हा विचार केला आहे. उज्जैन निवडण्याचे कारण असे की हे शहर समुद्रापासून दूर आहे. बंदरावरील शहराला एकच सीमा ओलांडावी लागते; उज्जैनच्या मालाला मात्र बंदरापर्यंत पोहोचण्याआधीच अनेक नाकी ओलांडावी लागत. त्यामुळे जकातीचा भार येथे अधिक स्पष्ट दिसतो.

प्रारंभी एका शब्दाची नोंद घेणे उचित ठरेल. मराठीतील 'जकात' हा शब्द अरबी 'ज़कात'वरून आला. उर्दूत त्याचा अर्थ आजही धर्माने नेमून दिलेले दान असाच आहे. मराठीत मात्र तो नाक्यावर मालगाडी थांबवून वसूल केल्या जाणाऱ्या कराला चिकटला, आणि २०१७ साली मुंबईतील जकात नाकी बंद होईपर्यंत याच अर्थाने रोजच्या वापरात राहिला. 'राहदारी', 'दस्तक', 'फर्मान', 'करारनामा', 'परवाना' हे शब्दही फारसी-अरबीच्याच वाटेने मराठी दफ्तरांत आले. व्यापार आणि कर यांची आपली बरीचशी भाषा अशी सामाईक आहे.

ओझेनी ते मोगलांचा सुभा

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी प्रवासाच्या मार्गदर्शिकेत उज्जैनचा उल्लेख 'ओझेनी' या नावाने येतो. येथून बारिगाझा म्हणजे भरुच बंदराकडे अकीक आणि तत्सम रंगीत दगड, मलमल, एक प्रकारचे जांभळट कापड आणि पुष्कळसे साधे कापड जात असे, असे हा लेखक सांगतो. भरुचला उतरणाऱ्या मालात इटलीची मदिरा, तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच यांचा समावेश होता. सोन्याचांदीची नाणीही येत आणि स्थानिक नाण्यांशी त्यांची अदलाबदल करण्यात नफा होता. या यादीतील 'साधे कापड' हे शब्द महत्त्वाचे आहेत. अकीक आणि मलमल श्रीमंतांची चैन होती. साधे कापड विणणारे, धुणारे, रंगवणारे हात संख्येने जास्त असणार. दूरच्या बाजारपेठेसाठी उज्जैनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीही काम चालत होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

मोगल काळात माळवा हा स्वतंत्र सुभा होता आणि उज्जैन त्याचे मुख्य ठिकाण. सुरतेहून आग्र्याकडे जाणारा मोठा मार्ग बऱ्हाणपूर-सिरोंजवरून, म्हणजे माळव्यातून जात असे. या मार्गांवर जागोजागी घेतली जाणारी वाटेची पट्टी म्हणजे राहदारी. ती रद्द करण्याचे हुकूम एकाहून अधिक बादशहांनी काढले. उज्जैनजवळच्या धर्मत येथे एप्रिल १६५८ मध्ये विजय मिळवून सत्तेकडे निघालेल्या औरंगजेबाने गादीवर आल्यावर लगेचच राहदारी माफ केली. पण असे हुकूम पुन्हा पुन्हा काढावे लागले, यातच त्यांची अंमलबजावणी किती झाली याचे उत्तर आहे. दिल्लीत सही झाली म्हणून माळव्यातल्या नाक्यावरचा जकातदार बाजूला झाला, असे होत नसे.

याच कारकीर्दीतील आणखी एक प्रसंग आजच्या चर्चेला फार जवळचा आहे. १६६५ साली मुस्लिम व्यापाऱ्यांच्या मालावर अडीच टक्के आणि हिंदू व्यापाऱ्यांच्या मालावर पाच टक्के असा दर ठरवण्यात आला; १६६७ मध्ये मुस्लिम व्यापाऱ्यांची जकात पूर्णच माफ झाली. परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. इतरांचा माल मुस्लिम व्यापाऱ्यांच्या नावावर जाऊ लागला, खजिन्याला तोटा आला आणि काही वर्षांनी ही माफी मागे घ्यावी लागली. हे धोरण न्याय्य नव्हते, हे आज स्पष्टपणे म्हटले पाहिजे. पण त्याखेरीज त्यात एक व्यवहाराचा धडाही आहे : सवलत एका गटाला आणि दुसऱ्याला नाही असे झाले की मालावर नाव कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. आजच्या करारांमध्ये 'रूल्स ऑफ ओरिजिन', म्हणजे माल खरोखर कोणत्या देशात बनला हे ठरवण्याचे नियम असतात. ते याच जुन्या दुखण्यावरचे औषध आहे.

एकतर्फी सवलत : बंगालचे उदाहरण

उज्जैनच्या कथेत पुढे इंग्रज येतात. त्यांची व्यापारी सवलतींविषयीची वृत्ती कशी घडली हे समजण्यासाठी थोडा वेळ बंगालकडे वळणे आवश्यक आहे. १७१७ साली बादशहा फर्रुखसियर याने ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला तीन हजार रुपयांच्या बदल्यात बंगालमध्ये जकातमाफी दिली. माफी कंपनीच्या मालाला होती. कंपनीच्या नोकरांनी मात्र तिचे दस्तक स्वतःच्या खासगी व्यापारासाठी वापरले आणि इतरांना विकलेही. स्थानिक व्यापारी पूर्ण जकात भरत होता आणि त्याच्या शेजारी तोच माल दस्तक दाखवून फुकट जात होता.

नवाब मीर कासिमने यावर प्रथम समझोता करून पाहिला. १७६२ च्या अखेरीस गव्हर्नर व्हॅन्सिटार्टशी झालेल्या बोलणीनुसार इंग्रज खासगी व्यापाऱ्यांनी नऊ टक्के जकात भरायची होती. हिंदी व्यापाऱ्यांवरील दर याहून कितीतरी अधिक होता. कलकत्त्याच्या कौन्सिलला एवढेही मान्य झाले नाही. तेव्हा मीर कासिमने १७६३ मध्ये सर्वांचीच जकात माफ करून टाकली. आता इंग्रज आणि हिंदी व्यापारी एका पातळीवर आले. खऱ्या अर्थाने मुक्त व्यापार म्हणावा तो हाच. आणि नेमका याच निर्णयाला कंपनीने प्रखर विरोध केला. त्यातून युद्ध पेटले आणि ऑक्टोबर १७६४ मध्ये बक्सरची लढाई झाली. पाठ्यपुस्तकात बक्सर येते ते लढाई म्हणून. ती जकातीच्या समान दरावरून झालेली लढाई होती, हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

मराठी राज्यातील दोन नोंदी येथे शेजारी ठेवल्या तर चित्र अधिक स्पष्ट होते. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळ प्रांतातील अधिकाऱ्याला लिहिलेल्या पत्रात पोर्तुगीजांच्या बारदेशातून येणाऱ्या मिठावर जकात वाढवण्याची आज्ञा आहे. बारदेशचे मीठ स्वस्त पडते, त्यामुळे संगमेश्वरकडील आपल्या मिठाचा व्यापार बुडेल, असा त्यामागील विचार होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनशी झालेल्या तहात इंग्रजांना राज्यातील बंदरांत अडीच टक्के जकातीवर व्यापाराची मुभा देण्यात आली. एकीकडे मिठागरांचे रक्षण आणि दुसरीकडे ठरलेल्या कमी दराने व्यापार. अनेकांना यात विसंगती वाटेल. पण ती नाही. कोणत्या मालासाठी दार उघडायचे आणि कोणत्या मालासाठी ते अर्धे लावायचे, हे ज्याचे त्याने ठरवले पाहिजे. बंगालच्या नवाबाला ते ठरवू दिले गेले नाही.

शिंद्यांचे उज्जैन आणि अफूचा परवाना

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात माळवा मराठ्यांकडे आला. राणोजी शिंदे यांनी उज्जैन हे आपले ठाणे केले आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. मराठी कुटुंबांची वस्ती येथे झाली ती याच काळात. शतकाच्या मध्यास दाऊदी बोहरा समाजाच्या दाईंचे वास्तव्यही काही काळ उज्जैनमध्ये होते आणि त्यांचे मजार आजही तेथे आहेत. मराठी कारभारी, बोहरा व्यापारी, मारवाडी आणि गुजराती सावकार यांची ही सरमिसळ शहराच्या बाजारपेठेचा कणा बनली. १८०१ मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैन लुटले आणि पुढे सुमारे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा मुक्काम ग्वाल्हेरच्या लष्करात कायम झाला. राजधानी गेली तरी पेढ्या राहिल्या.

त्या काळातील माळव्यातून माल नेणे हे कष्टाचे काम होते. प्रत्येक संस्थानाची, प्रत्येक जहागिरीची आपली सायर, म्हणजे वाटेची आणि बाजाराची जकात होती. व्यापाऱ्यांनी यावर स्वतःच एक तोड काढली होती. तिला हुंडाभाडा म्हणत. एका ठेकेदाराला ठरलेली एकरकमी रक्कम द्यायची. मग बैल, भाडे, संरक्षण आणि वाटेतील सर्व नाक्यांची जकात त्याने पाहायची. आजच्या भाषेत व्यवहाराची अनिश्चितता विकत घेणारा हा माणूस होता. जकात किती हे आधीच माहीत असणे, याला व्यापारात केवढी किंमत आहे हे यावरून लक्षात येते.

माळव्याचा सर्वांत मोठा निर्यातमाल अफू हा होता. बंगाल-बिहारच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याची अफू मात्र संस्थानी मुलखात पिकत असल्याने तिच्या हाताबाहेर होती. ही अफू पालीवरून राजस्थानच्या वाळवंटातून कराचीला आणि तेथून जहाजाने पोर्तुगीजांच्या दमणला जाऊन चीनकडे रवाना होई. १८१८ नंतर माळव्यावर इंग्रजांचा वरचष्मा आला, तेव्हा कंपनीने आधी अफू स्वतः खरेदी करून पाहिली. मग १८२० च्या दशकात संस्थानांशी करार करून तिची लागवड आणि वाहतूक रोखण्याचा प्रयत्न केला. होळकरांसह अनेकांनी सह्या केल्या. शिंद्यांनी केली नाही. उज्जैनसारखी पेठ शिंद्यांच्या अमलाखाली असल्यामुळे करारांच्या या भिंतीला मोठे खिंडार राहिले. इतिहासकार अमर फारुकी यांनी या सर्व घडामोडींचा सखोल अभ्यास केला असून, माळव्यातील व्यापाऱ्यांच्या या तथाकथित चोरट्या व्यापाराने वसाहती सत्तेच्या मक्तेदारीला कसा शह दिला, ते दाखवून दिले आहे.

शेवटी कंपनीने माघार घेतली. १८३० पासून परवाना पद्धत सुरू झाली : दर पेटीमागे १७५ रुपये भरा आणि अफू सरळ मुंबईला न्या. तरीही बराचसा माल कराची-दमण याच जुन्या वाटेने जात राहिला. म्हणून १८३५ मध्ये दर १२५ रुपयांवर आणण्यात आला. आता मुंबईची वाट परवडू लागली आणि व्यापार तिकडे वळला. १८३० च्या दशकात माळव्याची अफू बंगालच्या अफूशी बरोबरी करू लागली. मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांच्या पेढीत मोतीचंद अमीचंद आणि कोकणी मुस्लिम जहाजमालक मोहम्मद अली रोगे हे भागीदार होते. मुंबईच्या वैभवात माळव्याच्या या पेट्यांचा वाटा मोठा आहे.

कर कमी केला की व्यापार वाढतो आणि चोरटी वाट ओस पडते, हे मुक्त व्यापाराच्या समर्थकांचे म्हणणे येथे अक्षरशः खरे ठरलेले दिसते. पण गोष्ट १८३५ ला संपत नाही. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला. कराचीची वाट बंद झाली. त्याच वर्षी परवान्याचा दर २०० रुपये झाला, मग ३००, आणि १८४७ पर्यंत ४००. चार वर्षांत तिपटीहून अधिक! उज्जैनच्या व्यापाऱ्याला दुसरे बंदर उरले नाही, तेव्हा सवलतही उरली नाही. १२५ हा दर कंपनीच्या औदार्यातून आलेला नव्हता. दमणची वाट उघडी होती म्हणून तो मिळाला होता. एकाच खरेदीदारावर किंवा एकाच वाटेवर अवलंबून असलेल्या निर्यातदाराची काय अवस्था होते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण. आज भारत अनेक देशांशी स्वतंत्र करार करू पाहतो त्यामागील तर्क हाच आहे.

या व्यापाराची दुसरी बाजू झाकून ठेवता येणार नाही. जी वस्तू माळव्यातून जात होती तिने चीनमध्ये लक्षावधी घरे उद्ध्वस्त केली. चीनच्या सरकारने ती अडवली, तेव्हा इंग्रजांनी तोफा आणल्या आणि १८४२ च्या नानकिंग तहाने चीनला बंदरे उघडायला लावली. त्यालाही 'मुक्त व्यापार' असेच नाव देण्यात आले. निर्यात वाढली, पेढ्या भरल्या, माळव्यातील शेतकऱ्याला मात्र सावकाराच्या आगाऊ रकमेवर पेरणी करावी लागली ती लागलीच. निर्यातीचा आकडा वाढला, एवढ्यावर कोणताही करार चांगला ठरत नाही.

गिरण्या : भिंतीआड झालेली पडझड

विसाव्या शतकाच्या आरंभी चीनशी झालेल्या समझोत्यानुसार अफूची निर्यात टप्प्याटप्प्याने कमी होत बंद झाली आणि माळव्यातील भांडवल कापडाकडे वळले. इंदूरचे हुकुमचंद हे याचे सर्वज्ञात उदाहरण. उज्जैनमध्ये झालरापाटणच्या बिनोदीराम बालचंद पेढीची विनोद मिल, बोहरा उद्योजकाची नजरअली मिल, हिरा मिल अशा गिरण्या उभ्या राहिल्या. ब्रिटिश हिंदुस्थानातील गिरण्यांच्या मालावर १८९६ पासून साडेतीन टक्के अबकारी होती, ती केवळ मँचेस्टरच्या कापडाला स्पर्धा नको म्हणून लादलेली. १९२५-२६ मध्ये ती गेली. देशी उत्पादकावर कर लादून परकीय माल 'मुक्त' ठेवण्याचा हा प्रकार मीर कासिमच्या काळाचीच आठवण करून देतो.

त्यानंतरचा काळ संरक्षणाचा. उज्जैन ग्वाल्हेर संस्थानात आणि पंचावन्न किलोमीटरवरील इंदूर होळकरांच्या संस्थानात, म्हणजे मधे सायरची सीमा. ती मिटली १९४८ मध्ये मध्य भारत संघ झाल्यावर. राज्यघटनेच्या कलम ३०१ ने देशांतर्गत व्यापार मुक्त असल्याचे तत्त्व मांडले. (भारतीय प्रजासत्ताक हाच आपला सर्वांत मोठा आणि सर्वांत यशस्वी मुक्त व्यापार करार आहे, असे कोणी म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.) बाहेरच्या मालासाठी मात्र आयात शुल्काची उंच भिंत होती. १९९० च्या सुमारास भारताची आयात शुल्के जगातील सर्वांत चढ्या शुल्कांत मोडत.

आणि तरीही उज्जैनच्या गिरण्या पडल्या. विनोद मिल १९९० च्या दशकात बंद झाली. हजारो कामगारांच्या थकबाकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कामगारांना दशकानुदशके वाट पाहावी लागली. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ च्या अखेरीस बंद पडली आणि तिच्या कामगारांची देणी चुकती होण्यास डिसेंबर २०२३ उजाडला. ज्यांच्या घरात हे घडले त्यांनी खुल्या व्यापाराला दोष दिला तर त्यांचे दुःख समजण्यासारखे आहे. परंतु कालक्रम तपासला पाहिजे. भारताचा श्रीलंकेशी पहिला महत्त्वाचा मुक्त व्यापार करार झाला डिसेंबर १९९८ मध्ये. तो अमलात आला २००० साली. उज्जैनच्या गिरण्यांना जुनी यंत्रे, कर्जबाजारी व्यवस्थापन आणि देशातलेच यंत्रमाग यांनी त्यापूर्वीच खिळखिळे केले होते. भिंतीने बाहेरची स्पर्धा अडवली. गिरणीच्या आतली वाळवी तिला थांबवता आली नाही.

आजचे करार आणि भैरवगड

याच काळात बांगलादेशात काय घडले ते पाहणे उद्बोधक आहे. अल्पविकसित देश म्हणून त्याच्या कपड्यांना युरोपीय संघात २००१ पासून शस्त्रे वगळता सर्व मालाला असलेल्या योजनेखाली शून्य शुल्क लागू लागले. भारताच्या कपड्यांना तेथे शुल्क भरावे लागे. शिवणकामात नफ्याचे प्रमाण आधीच थोडे. दहा टक्क्यांच्या आसपासचा फरक म्हणजे खरेदीदार जाण्यास पुरेसे कारण. बांगलादेशच्या वस्त्रनिर्मिती उद्योगात सुमारे चाळीस लाख लोक काम करतात आणि त्यांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. याचे सारे श्रेय शुल्कमाफीला देता येणार नाही. कमी मजुरी, मोठे कारखाने आणि उद्योजकांची चिकाटी यांचाही त्यात वाटा आहे, आणि २०१३ च्या राणा प्लाझा दुर्घटनेत अकराशेहून अधिक कामगार मृत्यू पावले, ही या वाढीची किंमतही विसरता येत नाही. तरीही माळव्यात कापूस असताना आणि शिवणकाम येणारे हात असताना तो रोजगार ढाक्याला गेला, यात करार नसण्याचा भाग निश्चित आहे.

म्हणूनच अलीकडच्या करारांकडे उज्जैनने लक्ष द्यायला हवे. संयुक्त अरब अमिरातीशी करार फेब्रुवारी २०२२ मध्ये झाला आणि त्याच वर्षीच्या १ मेपासून लागू झाला. कापड-कपड्यांवरील तेथील पाच टक्के शुल्क त्यामुळे गेले. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षऱ्या झाल्या. भारतीय कपड्यांवर ब्रिटनमध्ये बारा टक्क्यांपर्यंत शुल्क होते. करारात ते शून्यावर आणण्याचे ठरले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेजारच्या धार जिल्ह्यात पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. बाजार आणि कारखाना यांची वेळ क्वचितच अशी जुळून येते.

विरोधकांचे मुद्देही वजनदार आहेत. आसियान देशांशी २००९ मध्ये झालेला करार २०१० पासून लागू झाल्यावर भारताची त्या देशांशी असलेली व्यापारी तूट वाढतच गेली. २०२२-२३ मध्ये ती त्रेचाळीस अब्ज डॉलरच्या पुढे गेली. श्रीलंकेच्या कराराचा फायदा घेऊन तेथे बाहेरच्या पामतेलापासून वनस्पती तूप बनवून ते भारतात शुल्कमुक्त पाठवण्याचे कारखाने निघाले आणि पुढे त्यावर कोटा घालावा लागला. श्रीलंकेत पाम तेवढे पिकत नव्हते. पिकत होती ती सवलत. खाद्यतेलाच्या आयातीतील प्रत्येक बदलाची झळ उज्जैन जिल्ह्यातील सोयाबीनवाल्याला लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने आरसेप या मोठ्या कराराबाहेर राहण्याचा निर्णय घेतला तो अशाच अनुभवांमुळे. संगमेश्वरच्या मिठाचा न्याय आज सोयाबीनला लावण्यात काही गैर नाही, आणि त्यासाठी कपड्यांचा करार सोडण्याचीही गरज नाही.

राहता राहिला प्रश्न कारागिराचा. उज्जैन शहराला लागून क्षिप्रेच्या काठी भैरवगड आहे. मेण आणि रंग यांच्या साहाय्याने होणारी तेथील बाटिक छपाई आणि लाकडी ठशांची छपाई प्रसिद्ध आहे. मुस्लिम कारागीर कुटुंबे या व्यवसायात मोठ्या संख्येने आहेत. २०२३ मध्ये उज्जैन बाटिक प्रिंटला भौगोलिक मानांकन मिळाले. चादर, साडी, ओढणी, कापडाचे थान हा येथील माल. दुबई आणि लंडन ही दोन्ही शहरे अशा मालाची गिऱ्हाइके होऊ शकतात आणि दोन्हीकडे जाण्यासाठी करार झालेले आहेत.

मात्र करारातील सवलत आपोआप लागत नाही. निर्यातदाराकडे आयात-निर्यात क्रमांक असावा लागतो. मालाचा योग्य वर्गवारी क्रमांक लिहावा लागतो. कापड, मेण, रंग कोठून आले याची बिले ठेवावी लागतात. आणि त्यावरून उगम प्रमाणपत्र, म्हणजे माल भारतातच बनल्याचा दाखला काढावा लागतो. हा दाखला नसेल तर लंडनच्या बंदरात भैरवगडची चादर करार झालाच नव्हता अशा दराने शुल्क भरते. भारतीय निर्यातदार उपलब्ध सवलतींचा पुरेसा वापर करत नाहीत, असे अभ्यासकांनी वारंवार नोंदवले आहे, आणि त्यातही छोटा उत्पादक सर्वांत मागे. शिवाय रंगांचा प्रश्न आहे. १९९० च्या दशकात जर्मनीने आरोग्यास घातक ठरणाऱ्या काही अझो रंगांवर बंदी घातली आणि भारतानेही तसे रंग निषिद्ध केले. तेव्हा अनेक छपाईवाल्यांना आपल्या डब्यात नेमके कोणते रसायन आहे हेच माहीत नव्हते. शुल्क शून्य झाले तरी रंगाची चाचणी उत्तीर्ण व्हावीच लागते.

म्हणजे सतराव्या शतकातील नाक्याच्या जागी आता कागद आला आहे. आज भैरवगडची कुटुंबे बहुतांशी मोठ्या व्यापाऱ्यांसाठी मजुरीवर किंवा ठोक भावाने छपाई करतात. ज्याच्या नावावर कागद त्याला सवलत, असे झाले तर बारा टक्क्यांतील वाटा भट्टीपुढे मेण वितळवणाऱ्यापर्यंत जाईलच याची खात्री नाही. १८३५ साली पेटीमागे पन्नास रुपये कमी झाले तेव्हा ते पेढीच्या वहीत उतरले. अफूचा चीक गोळा करणाऱ्याच्या वहीत नाही, कारण त्याच्याकडे वही नव्हती.

ही वही तयार करणे आज शक्य आहे. कारागिरांची सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी एकच निर्यात क्रमांक घेऊन सर्व सभासदांचा माल पाठवू शकते. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवण्याची सोय कायद्यात आहे. उगम प्रमाणपत्राचा अर्ज आता ऑनलाइन भरता येतो. ज्या महाविद्यालयांत अशा कुटुंबांतील मुले-मुली बी.कॉम. किंवा बी.ए.ला येतात, तेथे वाणिज्य विभागाला प्रात्यक्षिक म्हणून एखाद्या चादरीचा अर्ज प्रत्यक्ष भरून घेता येईल. वर्गवारी क्रमांक शोधायचा, कापडाचे आणि रंगाचे बिल जोडायचे, मजुरीसह किंमत काढायची आणि उत्पादक या रकान्यात नाव लिहायचे. हा अर्ज समजून घ्यायला दोन तासिका पुरतात. बिले मिळवायला मात्र विद्यार्थ्याला घरी जाऊन वडिलांना आणि आईला विचारावे लागेल की रंग कोणाच्या दुकानातून येतो, आणि त्याची पावती कधी मागितली होती का.